शंमर रुपये

नोट हातात आली की माझा अंगठा आपोआप फिरतो. अजून फिरतो. परवा नातीच्या वाढदिवसाला कुणीतरी तिच्या हातात पाकीट दिलं, तिनं ते माझ्याकडं आणून दिलं, आणि मी त्यातली नोट काढून खिडकीच्या उजेडात धरली. सून हळूच म्हणाली, "आई, पाहुणे बघतायत." बघू देत. ह्या सवयीनं एकदा माझ्या बापाला भर बैठकीत घाम फोडला होता, तेव्हा ती सुटली नाही, ती आता या वयात काय सुटणार. आणि सोडायची तरी कशाला? चोरी केलेली नाही, चहाडी केलेली नाही. हातात आलेली वस्तू बघून घेतली, एवढंच.

आमचं शेत लासुर्ण्याच्या शिवारात, कालव्याच्या अंगाला. आजूबाजूला सगळा ऊस, आणि मधे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लावलेली पेरूची बाग. भावकी हसायची. उसाला कारखाना हाय, ह्या पेरूला कोण खातंय, म्हणायची. आबा उलट बोलायचे नाहीत. त्यांनी इंदापूर-बारामती रस्त्याच्या कडेला चार बांबू रोवले, वर ताडपत्री ओढली, खाली एक बाज टाकली आणि पेरूच्या पाट्या मांडल्या. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन थेट त्या मांडवात. उसाच्या हंगामात रस्ता कधी गप्प नसायचा. भरल्या ट्रॅक्टरवर टेप लावलेली असायची, गाणं लांबून यायचं, कानावर आदळायचं आणि पुढच्या वळणावर विरून जायचं, पाठोपाठ ट्रॉलीच्या साखळ्यांचा खणखणाट. एसटी थांबली की बायका खिडकीतूनच भाव करायच्या. दुपारी आई भाकरी, खर्डा आणि कच्च्या पेरूची गूळ घातलेली भाजी घेऊन यायची. ती भाजी मी नंतर खूपदा केली. चांगली होते, पण मांडवात बसून, तोंडावर रस्त्याची धूळ घेत खाल्ल्यावर जी लागायची ती लागत नाही.

एकदा एका जीपमधून लग्नाला निघालेली मंडळी उतरली आणि पाटीच्या पाटी उचलून घेऊन गेली. कोरी शंभराची नोट दिली. त्या काळी शंभराची नोट म्हणजे घरात सगळ्यांनी एकदा हातात घेऊन बघायची चीज. आबांनी ती दुसऱ्या दिवशी बारामतीला पतपेढीत भरायला नेली, तर कॅशियरनं काचेखालून परत सरकवली. म्हणाला, ही बाद आहे. दुसरा कुणी असता तर तोंड पाडून घरी आला असता. आबांनी तिथंच ठाण मांडलं. म्हणाले, बाद हाय तर कशी बाद हाय ते दाखवा, त्याबिगर मी उठत न्हाय. त्या भल्या माणसानं रांग थांबवून त्यांना दाखवलं. खऱ्या नोटेवरची शाई अंगठ्याला किंचित खरबरीत लागते. पांढऱ्या जागेत उजेड धरला की सिंहांची सावली दिसते. आणि मधून एक तार गेलेली असते. आबांनी घरी येऊन ती खोटी नोट गल्ल्याच्या पेटीच्या झाकणाला आतून खळीनं चिकटवली, नमुना म्हणून.

चौथी खूण मात्र मी काढली, आणि त्याचं श्रेय मी कुणाला देणार नाही. नोटेवर सगळ्या भाषांतल्या बारीक ओळी असतात, त्यात आपली मराठी ओळ असते. आबांना जवळचं अंधुक दिसायचं, त्यांनी ती कधी वाचलीच नव्हती. मी वाचली. खोट्या नोटेवर शाई पसरून 'भ'च्या डोक्यावरची फट बुजली होती, आणि त्या 'भ'चा चक्क 'म' झाला होता. शंमर रुपये. मी मोठ्यानं वाचलं तशी आबा, आई आणि माझी थोरली चुलती जिजी, सगळी पोट धरून हसली. शंभर रुपये बुडाले त्याचं दुःख त्या हसण्यात निम्मं तरी वाहून गेलं. तेव्हापासून आमच्या घरात खोट्याला शंमर म्हणायची रीतच पडली. आतून किडलेला पेरू शंमर. उद्या नक्की येतो म्हणून न येणारा गवंडी शंमर. आणि धुण्याच्या दिवशी नेमकं दुखणारं जिजीचं डोकं, तेही शंमर. हे जिजीला मागून म्हणायचं, तोंडावर नाही. मांडवात काम वाटलेलं होतं. मोठी नोट आली की अंगठा आबांचा, डोळे माझे. हळूहळू अंगठाही माझाच झाला. गिऱ्हाईक सुट्ट्याची वाट बघत असायचं, मी नोट उन्हात धरायचे आणि न वळता सांगायचे, "आबा, खरी हाय."

त्याच जागेवर आता माझ्या भाच्यानं पत्र्याचं पक्कं दुकान काढलंय. काउंटरवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलाय, लोक त्याच्यासमोर मोबाईल धरतात आणि डब्यातली बाई ओरडून सांगते, इतके रुपये मिळाले. मी मागं गेले होते तेव्हा तासभर तिथं बसले. त्या बाईला अंगठा लावून बघता येत नाही, हीच माझी अडचण. भाचा म्हणाला, "आत्या, ती खोटं बोलत नाही." मी म्हटलं, असेल बाबा. तरी प्रत्येक वेळी मी त्याला विचारत होतेच, आले का रं खरंच?

मॅट्रिक झाले आणि माझ्यासाठी स्थळं यायला लागली. त्यातलं पणदऱ्याचं स्थळ आलं तेव्हा जिजीनं देवापुढं साखर ठेवली. बागायती जमीन, कारखान्याचं सभासदत्व, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात जर्सी गाई. आमच्या मानानं फार वरचं घर. मुलगा शेतकीचं शिकून घरचं दूध बघत होता. हुंडा नको, पोरगी चुणचुणीत पाहिजे, असा निरोप होता. पण माझं कारण वेगळं होतं. सांगवीला एका लग्नात मी त्या मुलाला बघितलं होतं. बाह्या वर करून पंगतीत बुंदी वाढत होता, घामानं निथळत होता, आणि म्हाताऱ्या माणसांपुढं वाकून विचारत होता, "अजून थोडी?" माझ्या पानात त्यानं न विचारता दुसऱ्यांदा वाढली. मला तो हवा होता. सरळ सांगते. तेव्हा सांगायची सोय नव्हती, आता आहे. आबांनी स्थळाचं नाव घेतल्यावर मी खाली मान घालून तांदूळ निवडत राहिले आणि खडे टाकायच्या ताटलीत तांदूळ टाकले.

बघायला आले ते सकाळचे, भाड्याची जीप करून. मुलगा, त्याचे वडील, आणि वडिलांची थोरली बहीण. वडिलांना अख्खा गाव तात्या म्हणायचा. मोठा माणूस, गुलाबी फेटा, आवाज असा की बोलले की गोठ्यातली म्हैस मान वळवायची. बहिणीला सगळे आक्का म्हणायचे. परीक्षा आक्काच घेणार हे त्या आत आल्या तेव्हाच कळलं. मी पोहे फिरवले, पाटावर बसले. स्वयंपाक काय येतो, शिवण येतं का, विचारून झालं. मग चालून दाखव. चालले. कॅलेंडरच्या मागं छापलेलं वाचून दाखव. वाचलं. मग आक्का उठल्या, माझं कोपर धरलं आणि मला दारात नेलं. "जरा उजेडात ये गं, हितं काय नीट दिसंना," म्हणत माझी हनुवटी इकडून तिकडं वळवली. राग आला नाही असं म्हणणार नाही. आला. पण तेव्हा असंच बघायचे, आणि मी तर मुलगा आधीच बघून ठेवला होता, त्यामुळं माझं पारडं मनातल्या मनात जड होतं. आक्कांनी मान हलवली. म्हणजे पसंत. आत आईनं सुटकेचा श्वास सोडलेला मला दारात ऐकू आला.

तात्या उठून दाराशी आले. जाकिटाच्या आतल्या खिशातून त्यांनी नोट काढली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि माझ्या हातावर ठेवली. कोरी शंभराची. मुलीच्या हातावर अकरा ठेवायचे, फार तर एकवीस. जिजीचा पदर तोंडाला गेला. मी वाकून पाया पडले, सरळ झाले, आणि दारातच उभी होते, समोर ऊन होतं. अंगठा फिरला. नोट लग्नपत्रिकेसारखी गुळगुळीत लागली. हात वर गेला. पांढऱ्या जागेत काहीही नव्हतं, नुसतं पांढरं. डोळा बारीक ओळीवर गेला, आणि मांडवात रोज म्हणायचे तसं, न वळता, माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, शंमर हाय."

माझी भाची कॉलेजात ही गोष्ट सांगते तेव्हा म्हणते, आमच्या आत्यानं बघायला आलेल्यांना धडा शिकवला. कसला डोंबलाचा धडा. धडा शिकवायचा असता तर मी पोह्यात मूठभर मीठ घातलं असतं. मला ते स्थळ हवं होतं, मी जीव मुठीत धरून उभी होते, आणि हातानं घात केला. बाणेदारपणा वगैरे नंतर लोकांनी चिकटवला.

पण देवानं लगेच एक वाट काढून दिली होती. पाहुण्यांना आमच्या घरचा शब्द कुठं ठाऊक? तात्यांना ऐकू आलं शंभर. ते खूश झाले. "व्हय, शंभरचीच हाय," म्हणाले. "आमी पोरीच्या हातावर अकरा-एकवीस ठेवत न्हाय." आई दाराआड थिजलेली. मी नोट खाली घेतली, मुठीत धरली. विषय तिथंच संपला असता. चहा झाला असता, तारीख ठरली असती, आणि ती नोट झाकणाला दुसरी म्हणून चिकटली असती.

आक्कांनी संपू दिला नाही. "थांब गं," त्या म्हणाल्या. "काय म्हणलीस तू? शंमर?" मग त्या आबांकडं वळल्या. "वो, पोरगी बोबडी हाय का काय? म्हण बघू, भाकरी." "भाकरी." "भोपळा." "भोपळा." "भाऊबीज." "भाऊबीज." "आता शंभर म्हण." माझं काय जात होतं शंभर म्हणायला? जीभ घसरली म्हटलं असतं तर सगळे हसले असते आणि झालं असतं. पण नोट हातात होती, माझी नजर त्याच ओळीवर होती, आणि डोळ्यांपुढं एक असताना तोंडानं दुसरं म्हणायची माझी टाप नव्हती. मी म्हटलं, "ह्याच्यावर शंमरच लिवलंय."

"घ्या," आक्का म्हणाल्या, "म्हणजे वाचताबी येत न्हाय. मगाशी पाठ करून म्हणली का काय?"

तेव्हा आबा उठले. जवळ आले, माझ्या मुठीतून नोट काढून घेतली आणि डोळे मिटून तिच्यावर अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी बघितला. ते स्थळ त्यांना माझ्याहून जास्त हवं होतं, रात्री आईशी बोलताना मी ऐकलं होतं. पोरगी बोबडी म्हणून मान डोलावली असती तरी कदाचित निभावलं असतं, शंभर आहे म्हटलं असतं तर नक्कीच. आबा डोळे उघडून आक्कांकडं वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरगी बोबडी न्हाय, आक्का. नोट खोटी हाय."

तात्यांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. "मी खोटी नोट आणली?" ते म्हणाले. "पोरीच्या हातावर ठेवायला?" आबा म्हणाले, "तुमी आणली न्हाय, तात्या. तुमाला कुणीतरी दिली. आमालाबी दिली व्हती," आणि त्यांनी आतून गल्ल्याची पेटी आणून झाकण उघडून दाखवलं. हे त्यांनी समजूत घालायला केलं, पण तात्यांना ते जखमेवर मीठ वाटलं. एवढा वेळ गप्प बसलेला मुलगा तेवढ्यात उठला. आबांच्या हातातून नोट घेतली आणि दारात माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "कुठं बघायचं?" त्यानं मला विचारलं. मला, आबांना नाही. मी म्हटलं, "ह्या पांढऱ्या जागंत. सिंह दिसाय पायजेत." आम्ही दोघांनी मान वर करून त्या नोटेतून ऊन बघितलं. त्याच्या सदऱ्याला दुधाचा वास होता. "न्हाईत," तो म्हणाला. मग मागं वळून म्हणाला, "तात्या, खोटी हाय."

"चला," तात्या म्हणाले. चहा कपातच राहिला.

जीपची धूळ खाली बसायच्या आत जिजीचा पट्टा सुरू झाला. शंभर रुपये घशाखाली घातले असते तर काय मेलो असतो का, पोरीला जन्मभर दूधदुभतं मिळालं असतं, ह्या बापलेकीला नोटा तेवढ्या दिसतात. आईनं उरलेले पोहे परतून आमच्यापुढं ठेवले. आबांनी दुसऱ्यांदा मागून घेतले आणि म्हणाले, "पोहं झकास झाल्यात." मी पेरूच्या बागेत जाऊन रडले. चांगली भरपूर रडले. पोरगी खरी ठरली म्हणून समाधान वगैरे काही नव्हतं. दोनदा बुंदी वाढणारा तो माणूस गेला, ह्याचं रडू होतं. पण आबांवर राग धरता येईना. त्यांनी त्या घरापुढं मला बोबडी ठरू दिलं नाही, आणि त्यासाठी काय सोडलं ते मला कळत होतं.

जीपच्या ड्रायव्हरनं सगळं ऐकलं होतं, त्यामुळं गोष्ट आमच्या आधी बारामतीच्या बाजारात पोचली. तात्यांनी खताच्या दुकानात नोट दिली की दुकानदार ती मुद्दाम उन्हात धरायचा आणि आजूबाजूचे मिशीत हसायचे. चहावाल्यानं एकदा विचारलं म्हणे, तात्या, सुट्टे खरे हायती का? मला हे ऐकून वाईट वाटलं. ती नोट त्यांना गाय विकली त्या पैशात आली होती. बिचाऱ्यांनी ती चांगल्या मनानं, सगळ्यांत कोरी म्हणून, माझ्यासाठी वेगळी काढून ठेवली होती.

मग एका दुपारी मांडवापुढं मोटारसायकल थांबली. आबा बाजेवर डोळे मिटून पडले होते. तोच होता. पेरू मागितले, निवडून घेतले, आणि नोट पुढं केली. मी त्याच्याकडं बघितलं, नोटेकडं बघितलं. आता ह्याचीही बघायची? अंगठा माझं थोडंच ऐकतो. मी ती उन्हात धरली. "खरी हाय," म्हटलं.

तो म्हणाला, "न बघता घेतली असतीत, तर मी तसाच माघारी गेलो असतो."

मी मोड परत दिली. त्यानं त्यातली दहाची नोट शांतपणे वर धरून बघितली, मग खिशात टाकली. बाजेवरून आबांचा आवाज आला, "पाव्हणं, बसा. चहा सांगतो." ते झोपलेले नव्हतेच.

तात्या सहजासहजी तयार झाले नाहीत. मुलानं दुसऱ्या मुली बघायला जायचं नाकारलं, आक्कांनीच शेवटी भावाला सांगितलं की पोरगी 'भ' नीट म्हणते, मी स्वतः तपासलंय. उसाचा हंगाम उरकला तेव्हा होकार आला. लग्नाच्या दिवशी आईनं माझ्या हातात हिरवा चुडा भरताना दम दिला. तिथं कुणी काही हातावर ठेवलं तर मूठ मिटायची, हात वर गेला तर बघ. मी हो म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

पणदऱ्यात माप ओलांडून आत गेले. अंगणात सगळी भावकी, ओसरीवर बायका, भिंतीवर पोरं. देवाच्या पाया पडून तात्यांच्या पाया पडले. त्यांनी जाकिटाच्या आतल्या खिशातून नोट काढली आणि माझ्या हातावर ठेवली. भिंतीवरची पोरं माना उंच करून बघायला लागली. मी मूठ मिटली.

"बघ की," तात्या म्हणाले.

"न्हाय तात्या," मी म्हटलं. "आता घरचीच हाय." मला वाटलं, फार शहाण्यासारखं बोलले. तात्यांचा चेहरा मात्र पडला. ते खाली वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलले. त्या आवाजाच्या माणसाला इतकं हळू बोलताना मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

"पोरी, समदं गाव बघतंय. आता तू बघितली न्हाईस, तर लोक म्हणत्याल, तात्यानं परत खोटीच दिली."

मी वळले आणि उंबऱ्याशी आले. दारातल्या उन्हात नोट दोन्ही हातांनी धरली. अंगठा फिरवला. पांढऱ्या जागेत बघितलं, तार बघितली, बारीक ओळ अक्षर अक्षर वाचली. घाई केली नाही. मग अंगणातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाले, "खरी हाय."

तात्या खांबाला टेकून खाली बसले. फेटा काढून गुडघ्यावर ठेवला आणि पाणी मागितलं.